गिटार कुठलीही असो, आधी तिचं डोंगल शोधा

लातूरहून एका मुलाने प्रश्न पाठवलाय. हैदराबादच्या मावसभावाने घर बदलताना गिटार हिरो, रॉक बँड अशा जुन्या गेमच्या (पडद्यावर रंगीत नोटा येतात, तशी बटणं दाबायची) तीन गिटारी आणि एक ड्रमसेट याला देऊन टाकला. एका गिटारीवर एक्सबॉक्स ३६० ची खूण आहे, तिला वायर नाही. दुसरी प्लेस्टेशन ३ ची आहे, पण तिचं डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, सोबत आलेलं नाही. तिसरी निन्टेन्डोच्या वी कन्सोलची, तिच्या पोटात रिमोट बसेल एवढा खळगा आहे, पण रिमोट नाही. ड्रमसेट रॉक बँडचा, त्याला यूएसबी वायर आहे. घरात कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावायचं गेमचं यंत्र, एकही नाही. विंडोजचा लॅपटॉप आहे आणि हॉलमध्ये टीव्ही आहे. यातलं काय चालेल, काय विकत घ्यावं लागेल, आणि एकच डोंगल घेतलं तर तिन्ही गिटारी चालतील का?

शेवटचं आधी सांगतो. नाही चालणार. एवढी एक गोष्ट नीट कळली की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

या गिटारी दिसायला सारख्या असतात. मानेवर हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं, पोटावर वर-खाली होणारी स्ट्रमची पट्टी, आणि सूर ओढायला व्हॅमीचा दांडा. २००७ साली गिटार हिरो ३ आला तेव्हा लेस पॉल या खऱ्या गिटारीच्या आकाराची जवळपास तीच गिटार एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि वी अशा तीन कन्सोलसाठी निघाली, आणि प्लेस्टेशन २ साठी क्रेमरच्या आकाराची. शेजारी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. पण बटण दाबल्यावर ती खबर बाहेर कशी जाते, हे चौघींचं वेगवेगळं आहे. एक्सबॉक्स ३६० ची गिटार मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वायरलेस पद्धतीने बोलते, ते ब्लूटूथ नव्हे. प्लेस्टेशन ३ ची गिटार फक्त तिच्यासोबत आलेल्या डोंगलशी बोलते. वीची गिटार पोटातल्या रिमोटशी तारेने बोलते आणि रिमोट पुढे ब्लूटूथने. प्लेस्टेशन २ चा रिसीव्हर तर यूएसबीत जातच नाही, तो कन्सोलच्या कंट्रोलरच्या खाचेत बसतो.

त्यामुळे माझ्या टेबलावर कुणी गिटार आणून ठेवली की मी आधी बटणं बघत नाही. ती कुठल्या कन्सोलची आणि तिचा रिसीव्हर कुठंय, एवढंच विचारतो. जुनी गिटार विकत घेताना सुद्धा हाच नियम धरा. नवीकोरी दिसणारी गिटार डोंगलशिवाय असेल तर ती अर्धीच आहे असं समजून भाव करा. उलट, ओरखडे पडलेली, स्टिकर उडालेली, पण डोंगल असलेली गिटार बिनधास्त घ्या. ओरखडे वाजताना आड येत नाहीत.

आता तुमच्या तिघींकडे येऊ.

एक्सबॉक्सवाली तुमची सगळ्यात सोपी आहे. तिला पीसीसाठीचा एक्सबॉक्स ३६० वायरलेस रिसीव्हर लागतो. काळं छोटं खोकं, त्याला यूएसबी वायर आणि मध्ये एक बटण. एका रिसीव्हरवर चार कंट्रोलर चालतात. बाजारात मिळतात त्यातले बहुतेक नक्कल केलेले असतात, त्याला घाबरायचं कारण नाही, चालतात. फक्त विंडोज त्यांना आपण होऊन ओळखत नाही. लावल्यावर दिवा लागला नाही की लोक खराब निघाला म्हणून परत करतात. तसं करू नका. डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे ‘अननोन डिव्हाइस’ दिसेल. त्यावर ड्रायव्हर अपडेट करायला सांगा, आपोआप शोधू नको, यादीतून मी निवडतो असा पर्याय घ्या, आणि यादीत एक्सबॉक्स ३६० पेरिफेरल्समध्ये ‘वायरलेस रिसीव्हर फॉर विंडोज’ निवडा. विंडोज इशारा देईल, हो म्हणा. मग रिसीव्हरचं बटण दाबा, लगेच गिटारीवरचं जोडणीचं छोटं बटण दाबा. गोल दिव्याचा एक कोपरा स्थिर पेटला की झालं.

इथे एक चूक फार जणांची होते. एक्सबॉक्स ३६० ची चार्जिंगची वायर मिळते, ती लावली की कंट्रोलर लॅपटॉपला जोडला जाईल असं वाटतं. त्या वायरीतून फक्त वीज जाते, बटणांची खबर जात नाही. एका गिऱ्हाइकाने ती वायर दोनदा बदलून आणली होती. दोष वायरीचा नव्हताच.

वायरवाली एक्सबॉक्स गिटार कुठे दिसली तर मात्र सोडू नका. गिटार हिरो २ ची एक्स-प्लोरर, आणि पहिल्या रॉक बँडची एक्सबॉक्सची स्ट्रॅटोकास्टर, या दोन्ही यूएसबी वायरीच्या आहेत. लावल्या की विंडोज त्यांना लगेच ओळखतं. ना रिसीव्हर, ना सेल, ना जोडणीचं बटण. पीसीवर वाजवायला मला अजूनही एक्स-प्लोररच आवडते. तिची मान शरीरापासून सुटी होत नाही, आणि हा किती मोठा गुण आहे ते पुढे कळेल.

प्लेस्टेशन ३ वालीचं दुखणं मोठं आहे. तिचं डोंगल मिळालं तर ती लॅपटॉपला साध्या गेम कंट्रोलरसारखी लागते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण दुसऱ्या मॉडेलचं डोंगल तिला चालत नाही. गिटार हिरोचं डोंगल रॉक बँडच्या गिटारीला नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या दोन मॉडेलांचंही एकमेकींना नाही. तेव्हा आधी मावसभावाला फोन करा. जुन्या कन्सोलच्या खोक्यात, टीव्हीच्या मागच्या कप्प्यात, रिमोटच्या डब्यात बघायला सांगा. पेनड्राइव्ह समजून लोकांनी ती ठेवून दिलेली असतात. मी स्वतः दोन डोंगल अशी लोकांच्या घरातून फोनवरच शोधून काढलीत.

नाहीच मिळालं तर आतली सर्किटची पाटी बदलायची. हे ऐकायला अवघड वाटतं, तेवढं नाही. रास्पबेरी पाय पिको नावाचं एक छोटं बोर्ड मिळतं, चारशे-पाचशे रुपयांत. गिटारीतलं प्रत्येक बटण म्हणजे शेवटी एक स्विच. त्याचं एक टोक पिकोच्या एका पिनेला, दुसरं टोक ग्राउंडला. पाच बटणं, स्ट्रम वर, स्ट्रम खाली, स्टार्ट, सिलेक्ट अशा नऊ पिना. व्हॅमी मात्र स्विच नाही, ते गोल फिरणारं पोटेन्शिओमीटर आहे, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं. त्याची मधली तार पिकोच्या अॅनालॉग पिनेला, म्हणजे जीपी २६, जीपी २७ किंवा जीपी २८ ला, आणि कडेच्या दोन तारा ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडला. पाच व्होल्ट देऊ नका, पिन जळेल. मग पिकोवरचं पांढरं बटण दाबून धरत वायर लॅपटॉपला लावा, तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात सँट्रोलर नावाचं फुकट मिळणारं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आत बसणारा प्रोग्राम, टाकायचं, कुठल्या पिनेवर काय जोडलंय ते त्याच्याच प्रोग्राममध्ये सांगायचं. विंडोजला ती गिटार एक्सबॉक्स ३६० ची वाटते. डोंगलचा प्रश्नच संपतो.

एक सावधगिरी. हे मी सांगितलं ते साध्या स्विचच्या मानेचं. २००८ च्या वर्ल्ड टूरपासून गिटार हिरोच्या मानेवर बोट घासायची एक टच पट्टी आली. त्या मानेत स्वतःची चिप असते, बटणाच्या तारा सरळ बाहेर येत नाहीत. तुमची मान तशी असेल तर उघडण्याआधी मॉडेल नीट बघा. शंका असली तर उघडूच नका, आधी फोटो काढून दाखवा.

वीच्या गिटारीबद्दल लोकांचा गैरसमज असा की रिमोट नाही म्हणजे ती भंगार. उलट आहे. रिमोट नसलेली वीची गिटार ही तारेने जोडायला सगळ्यात सरळ. तिची जी छोटी पांढरी पिन रिमोटच्या बुडाशी लागते, तिच्यातून दोन डेटाच्या तारा, एक ३.३ व्होल्ट आणि एक ग्राउंड येते. वीचा डाव्या हातात धरायचा छोटा जोड-कंट्रोलर, नंचक, जोडतात तीच पिन. या तारा पिकोला जोडल्या आणि सँट्रोलरला वीची गिटार आहे असं सांगितलं की पाच बटणं, स्ट्रम, व्हॅमी सगळं एकदम येतं. गिटारीच्या आत सोल्डरचा एकही डाग द्यावा लागत नाही, स्क्रू सुद्धा काढावा लागत नाही. नंचकची एक्स्टेन्शन वायर मिळते, ती मधोमध कापून वापरली तर गिटारीची मूळ पिन शाबूत राहते. मी असंच करतो.

रिमोट घेऊन वायरलेस चालवायचीच असेल तर विंडोजवर वीटारथिंग नावाचा प्रोग्राम आहे. तो रिमोटला ब्लूटूथने पकडतो आणि लॅपटॉपला एक्सबॉक्सचा कंट्रोलर असल्याचं भासवतो. चालतो, पण लॅपटॉपचं ब्लूटूथ कसं आहे त्यावर सगळं अवलंबून. मध्येच तुटणं, पुन्हा जोडणी करणं, हे होतं. मुलांना वाजवायला द्यायची असेल तर तार बरी. आणि एक लक्षात ठेवा, वीच्या सगळ्या गिटारी रिमोटवर चालत नाहीत. रॉक बँडच्या वीच्या गिटारीला खळगा नसतो, तिला यूएसबी डोंगल असतं. म्हणजे ती पुन्हा डोंगलच्याच गटात.

तुमच्याकडे प्लेस्टेशन २ ची गिटार नाही, तरी दोन ओळी सांगतो, कारण पीएस २ आपल्याकडे खूप खपला आणि तशी गिटार कधीतरी हाती येईल. तिला पीएस २ ते यूएसबी असा जोड मिळतो. मी स्वस्तातला एक मागवला होता. हिरवं, लाल सगळं नीट येई, पण स्ट्रम खाली-वर केलं की कधी नोंद होई, कधी नाही. दोन दिवस मी स्ट्रमचे स्विच बदलत बसलो. स्विच चांगले होते. गोम अशी की पीएस २ ची गिटार आपलं ‘डावीकडे’ हे बटण कायम दाबून धरते, त्यावरूनच गेमला कळतं की हा साधा कंट्रोलर नसून गिटार आहे. त्या जोडाने चारही दिशांची मिळून एकच आठ दिशांची चकती करून ठेवली होती. म्हणजे स्ट्रम वर केलं की लॅपटॉपला ‘वर’ नाही, ‘डावीकडे-वर’ असं दिसायचं. दिशांची बटणं वेगवेगळी पाठवणारा जोड घेतला आणि गिटार पहिल्या मिनिटाला चालली. जोड घेताना एवढं विचारूनच घ्या.

आता गेम कुठला. लॅपटॉपवर दोन नावं पुरेशी आहेत, क्लोन हिरो आणि यार्ग. दोन्ही फुकट आहेत. क्लोन हिरो हलका, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. यार्ग मुक्त स्रोताचा, त्यात ड्रम आणि गाणं म्हणण्याचा भागही आहे. दोन्हीकडे सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक बटण एकेकदा दाबून नेमून द्यायचं असतं. नवीन कन्सोल घेऊन त्यावर वाजवायचा विचार असेल तर तो सध्या बाजूला ठेवा. एक्सबॉक्स वन आणि त्यापुढची यंत्रं अनोळखी कंट्रोलर जवळ घेत नाहीत, तिथे पिकोची युक्ती सरळ चालत नाही. २०१५ चा रॉक बँड ४ प्लेस्टेशन ४ वर पीएस ३ च्या बऱ्याच गिटारी डोंगलसकट घेतो, पण डोंगल पाहिजे, म्हणजे पुन्हा तिथेच आलो. २०२४ साली पीडीपी कंपनीने रिफमास्टर नावाची नवी गिटार काढली, मान दुमडणारी आणि आत चार्जिंगची बॅटरी असलेली. तिचीही प्लेस्टेशनची वेगळी आणि एक्सबॉक्सची वेगळी. इतक्या वर्षांनीही ही फारकत गेलेली नाही.

कुणी सहा बटणांची गिटार दिली, तीन काळी आणि तीन पांढरी, तर ती २०१५ च्या गिटार हिरो लाइव्हची. तिचंही डोंगल जवळपास प्रत्येक कन्सोलला वेगळं, आणि पीसीवर चालवायला आणखी एक मदतनीस प्रोग्राम लागतो. त्या गेमची बहुतेक गाणी इंटरनेटवरून यायची. १ डिसेंबर २०१८ ला ती सेवा बंद झाली. गिटार धडधाकट आणि गाणी गेली. तेव्हापासून मी लोकांना सांगतो, ज्यात गाण्याची फाइल आपल्या डिस्कवर राहते त्यावरच भर द्या.

आता मानेकडे वळू, कारण तुमच्यातली एखादी लेस पॉल असेल तर तिचं हे दुखणं तुम्हाला आज ना उद्या भेटणारच.

लेस पॉलची मान सुटी होते. प्रवासात न्यायला सोय म्हणून. मान जिथे पोटात घुसते तिथे आत स्प्रिंगच्या पिनांची एक ओळ आहे आणि मानेच्या टोकाला त्याच मापाच्या चपट्या पट्ट्या. बटणांची सगळी खबर तेवढ्या टेकण्यावरून जाते. मागे एक कुलूप असतं, पण ते वर्षभरात सैल होतं. मग वाजवताना मान केसभर हलते आणि मधूनच बटणं मरतात. मागच्या उन्हाळ्यात परभणीहून एक मुलगा अशीच गिटार घेऊन आला. म्हणाला, “काका, हिरवं बटण दाबूच लागलो, पण वाजूच नाही लागलं.” मी गिटार हातात घेतली, हिरवं दाबून धरलं आणि मान अंगठ्याने किंचित मागे रेटली. स्क्रीनवर हिरवं पेटलं. सोडली, विझलं. त्याने आधी एका ठिकाणी पाचही बटणांची रबरं बदलून घेतली होती, आठशे रुपये देऊन. रबर एकही खराब नव्हतं.

अशा वेळी करायचं ते इतकंच. मान काढा. पट्ट्यांवर काळपट थर दिसेल, तो शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा. मग कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि वाळू द्या. पिना टोकदार चिमट्याने अगदी थोड्या पुढे ओढा, सगळ्या सारख्या. घाईत एखादी मोडली तर पंचाईत होते, म्हणून एकेक. शेवटी मान बसवून कुलपाच्या बाजूला फट दिसत असेल तिथे जाड कागदाची घडी घाला. निम्म्या गिटारी एवढ्यावर सुधारतात. ज्या नाही सुधारत, त्यांच्या पिना काढून मी मान आणि पोट तारांनी कायमचं जोडून टाकतो. मान सुटी होण्याची सोय जाते, पण तक्रार पुन्हा येत नाही.

आपल्या भागातला एप्रिल-मेचा उन्हाळा या वस्तूंना मानवत नाही. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर ठेवलेल्या गिटारीच्या बटणाखालची रबरं कडक होतात, वरचा मऊ मुलामा चिकट होतो. धूळ स्ट्रमच्या फटीतून आत जाऊन स्विचवर बसते. चिकटपणा काढायला थिनर किंवा पेट्रोल लावू नका, प्लास्टिकच विरघळतं. अल्कोहोल आणि सुती फडकं, दोन-तीन वेळा. स्विचमध्ये साधं तेल तर अजिबात नको, धूळ आणखी धरते. आणि तुमच्या गिटारी वर्षानुवर्षं पडून असतील, तर पहिलं काम म्हणजे सेलचं झाकण उघडून बघा. पांढरा-हिरवट भुगा दिसला तर सेल फुटलाय. अल्कलाइन सेलचा तो क्षार आहे, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस काडीला लावून फिरवा, फेस येऊन बसेल, मग अल्कोहोलने पुसून कोरडं करा. स्प्रिंगवर चकाकी आली की समजा मार्गी लागलं. यापुढे वाजवून झालं की सेल काढून ठेवायची सवय लावा.

सगळं जोडून झाल्यावर एक दिवस असा येईल की बटणं बरोबर आणि तरी सगळ्या नोट चुकतायत. तेव्हा गिटारीला दोष देऊ नका, टीव्हीकडे बघा.

गेममध्ये तीन गोष्टी एका क्षणी भेटाव्या लागतात. कानावरचा ठोका, पडद्यावरची नोट आणि तुमचा हात. टीव्ही चित्र सुंदर करायला थोडा वेळ घेतो, म्हणून चित्र मागे पडतं. ब्लूटूथचा स्पीकर लावला तर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. हा आकडा छोटा वाटतो, म्हणून हिशोब करून दाखवतो. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले तर एकेक १२५ चा. म्हणजे ब्लूटूथवर तुम्ही अख्खी एक नोट मागे असता. कितीही हुशार मुलगा असो, तो चुकणारच. टीव्हीत ‘गेम मोड’ सुरू करा, आवाज तारेने काढा, मग क्लोन हिरोमधलं कॅलिब्रेशन करा, म्हणजे चित्र-आवाजाचा उशीर मोजून जुळवून घ्या. कॅलिब्रेशन घाईने एकदा करून सोडू नका. तीन वेळा करा आणि येणारे आकडे जवळपास आहेत का बघा. एक आकडा ४० आणि दुसरा ११० येत असेल तर तुमचा हात थकलाय, चहा घेऊन या. लॅपटॉप टीव्हीवरून काढून त्याच्याच पडद्यावर वाजवायचं ठरवलं तर आकडे पुन्हा घ्यावे लागतात, हे बहुतेक जण विसरतात.

पालक विचारतात, याने गिटार येईल का. खरं सांगतो, गिटार येणार नाही. पाच बटणांवर सूर नाही, तार नाही, बोटाला घट्टा नाही. लय मात्र येते, आणि लय येणं ही लहान गोष्ट नाही. ड्रमचं उत्तर वेगळं आहे. ड्रमवर हात खरोखर त्या जागी जातो आणि पाय वेगळा चालतो. चार महिने नीट वाजवलेलं पोर खऱ्या सेटवर बसलं तर साधा ठेका धरतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ड्रमवरून आठवलं ते इथेच सांगतो, कारण तुमच्या ड्रमसेटलाही ते लागू आहे. आमच्या गल्लीत गोंधळ्याच्या घरातला एक मुलगा आहे, संबळ वाजवतो. त्याला मी रॉक बँडचा सेट वाजवायला दिला. पहिल्या दहा मिनिटांत लाल पॅड मारलं की पिवळंही वाजायला लागलं. पॅडच्या खाली पिएझो नावाची एक चकती असते, तिला धक्का बसला की ती विजेचा छोटा झटका देते, त्यालाच सेट ठोका समजतो. हा मुलगा संबळाच्या सवयीने इतक्या जोरात मारत होता की धक्का सांगाड्यातून शेजारच्या चकतीपर्यंत जात होता. मी पॅड उघडून चकतीच्या भोवती आणि सांगाड्याला टेकणाऱ्या जागी पातळ फोम चिकटवला. मग त्याला काठी सैल धरायला सांगितली. फोमने निम्मं काम केलं, निम्मं त्याच्या मनगटाने. आठवड्याने तो आला तेव्हा चारही पॅड वेगळे वाजत होते आणि तो दोन्ही काठ्यांनी गोंधळाचा ठेका त्यावर बसवत होता. मूनस्क्रेपर नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये आपल्याच रेकॉर्डिंगवर नोटा मांडता येतात. त्याने वडिलांचा संबळ मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला आणि आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून त्याच्या नोटा मांडल्या. वेळ लागला तो नोटांना नव्हे, गतीला. गोंधळ चढत जातो, सुरुवातीची गती आणि शेवटची गती एक नसते. दर काही मात्रांनी गतीचा आकडा बदलावा लागला, तेव्हा कुठे पडद्यावरची नोट आणि काठी एका जागी पडली. मुलाचे वडील बघायला आले होते. बराच वेळ गप्प उभे राहिले, मग म्हणाले, “हे इथं जरा मागं पडू लागलंय.” बघितलं तर खरंच दोन मात्रा मागे होत्या.

तर तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आधी ड्रमसेटची यूएसबी लॅपटॉपला लावून बघा, कारण त्याला काहीच विकत घ्यावं लागत नाही. लावल्यावर विंडोज आणि आर दाबून तिथे जॉय डॉट सीपीएल असं इंग्रजीत लिहा. त्या खिडकीत कंट्रोलरचं नाव दिसलं आणि पॅड मारल्यावर दिवे लुकलुकले तर सेट जिवंत आहे. ड्रमसेटही कन्सोलप्रमाणे वेगळे असतात. एक्सबॉक्सचा असेल तर विंडोज त्याला नावानिशी ओळखेल, प्लेस्टेशनचा असेल तर साध्या कंट्रोलरसारखा दिसेल, दोन्ही चालतात. मग एक्सबॉक्सच्या गिटारीसाठी रिसीव्हर मागवा. त्यानंतर एक पिको घेऊन वीची गिटार तारेने जोडा, तिथे तुमचा हात बसेल. पीएस ३ ची शेवटी ठेवा, तोवर मावसभावाकडून डोंगलचा निरोपही येईल.

ड्रमसेटचं पायाने दाबायचं पेडल चालत नसेल तर लगेच नवं घेऊ नका. रॉक बँडच्या पेडलमध्ये फळीला एक चुंबक आणि खालच्या भागात काचेचा एक बारीक रीड स्विच असतो. चुंबक जवळ आलं की तो जुळतो. पेडलची पिन काढून मल्टिमीटर बीपवर लावा आणि फळी दाबा. बीप आला तर पेडल ठीक आहे, दोष सेटच्या खाचेत आहे. नाही आला तर घरातलं एखादं चुंबक स्विचच्या जागी धरून बघा. त्याने बीप आला तर फळीचं चुंबक निसटलंय, ते परत चिकटवलं की झालं. त्यानेही नाही आला तर रीड स्विच फुटलाय. तो दहा-वीस रुपयांत मिळतो. बदलताना त्याची काचेजवळची तार वाकवू नका, आधी चिमट्याने धरा आणि चिमट्याच्या बाहेरून वाकवा.